मागचा आकडा पुढे चालू

मित्रांनो, आधी हात दाखवा. दोन्ही बाजूंनी. बोटांना काही चिकट लागलेलं नाही ना? जवळपास चहाचा कप नाही ना? असेल तर तो आधी लांब ठेवा, मगच मी तोंड उघडेन. मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात. पण माझा स्वभाव असा का झाला हे ऐकलंत, तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही. ठेवलीत तरी मला कळेल. टेकलेल्या बोटांवरून मला माणसाचं बरंच काही कळतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या माझी परीक्षा घेतली गेली. वरून एक लोखंडी हात आला आणि त्याने माझं एकेक बटण टकाटक दाबून पाहिलं. म्हणजे ज्यांनी मला घडवलं त्यांनाच माझी खात्री नव्हती! मग मला खोक्यात घालून एका दुकानात पाठवलं. गिऱ्हाइकं यायची, खोकं उघडून मला चाचपायची आणि नाक मुरडून शेजारचा झगमगीत कीबोर्ड घेऊन जायची. दुकानदार प्रत्येकाला सांगायचा, "हा घ्या, एकदम मजबूत." पाठ वळली की मला पुन्हा फळीवर टाकायचा. गोड बोलणाऱ्यापासून जपून राहायचं हे मी तिथे शिकलो.

एके दिवशी एक बाई आली. तिने मला काउंटरवर ठेवलं, डोळे मिटले आणि टंकायला लागली. पण साधं टंकणं नव्हे. एक अक्षर, एक आकडा, तीन अक्षरं, पुन्हा आकडा, आणि मान तालात हलतेय.

दुकानदार म्हणाला, "बाई, हा कॉम्प्युटरचा कीबोर्ड आहे. गाण्याचा नाही."

"ठाऊक आहे हो. मला गाणंच लिहायचंय याच्यावर."

बाईचं डोकं ठिकाणावर नाही अशी मला दाट शंका आली. त्याच शंकेसकट मी तिच्या घरी गेलो.

त्या घरात दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका आणि भावांची आई असे सगळे एकत्र राहत होते. मला आणणारी बाई म्हणजे थोरली सून. तिची कामाची खोली मागच्या अंगाला होती. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, एका भिंतीला कागदांचे गठ्ठे, कोपऱ्यात कुरकुरणारा प्रिंटर आणि टेबलासमोर दोन खुर्च्या. संगीतकार हाताने खरडलेली पानं तिच्याकडे आणून द्यायचे. खाडाखोड, बाण, पेन्सिलीच्या खुणा, कधी वर कॉफीचे डागसुद्धा. थोरली ते सगळं लावून घ्यायची आणि त्याची स्वच्छ छापील पानं करून द्यायची.

हे काम ती कसं करायची ते तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. तिच्या कॉम्प्युटरमध्ये अशी सोय होती की संगीत चित्रासारखं काढायचं नाही, सरळ लिहायचं. सी, डी, ई, एफ ही अक्षरं म्हणजे स्वर. अक्षराशेजारचा आकडा म्हणजे तो स्वर किती वेळ थांबणार ते. चार लिहिला तर एक मात्रा, दोन लिहिला तर दोन मात्रा आणि आठ लिहिला तर अर्धीच. म्हणजे आकडा जितका मोठा तितका स्वर छोटा! असल्या उलट्या कारभाराचा मला संशय येणार नाही तर काय होईल? आर लिहिला की गायकाने गप्प बसायचं. लिहून झालं की एक बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर त्या अक्षरांवरून पाच रेघांवरचे काळे-पांढरे स्वर मांडून द्यायचा. मला ते कधी दिसले नाहीत. पडदा माझ्या डोक्याशी उभा असतो. राबायचं मी आणि "वा, किती सुंदर" म्हणायचं त्याच्याकडे बघून. असो.

यात आणखी एक मेख होती. स्वरापुढे आकडा लिहिला नाही, तर मागचाच आकडा पुढे चालू राहतो. एकदा चार लिहिलं की नुसती अक्षरं लिहीत जा, सगळे स्वर एकेक मात्रेचे होतात. थोरली काटकसरीची. घरात साबणाची चिपसुद्धा नव्या वडीला चिकटवणारी. ती एक आकडा लिहायची आणि त्यावर ओळीच्या ओळी काढायची. जागोजागी उभी रेघ देऊन मात्रांचा हिशेब तपासून घ्यायचीही सोय होती, पण ती तेवढंही बटण दाबायची नाही. "मला काय गरज?" म्हणायची. तिला खरोखरच गरज नव्हती. तिच्या पानात चूक सापडली असं मी तरी कधी ऐकलं नाही.

गावात एक मोठा गायकवृंद होता. त्याचे सर मोठे कडक. पण थोरलीची पानं हातात घेतली की ते म्हणायचे, "हिच्या पानावर मी डोळे मिटून भरवसा ठेवतो." असं कुणी म्हणालं की माझ्या काळजात चर्र होतं. मित्रांनो, डोळे मिटून ठेवलेल्या भरवशाला ठेच लागतेच.

मग धाकटी सून त्या खोलीत येऊ लागली. लग्न होऊन नवीनच आली होती. बोटं हलकी, आणि बटण दाबण्याआधी क्षणभर त्यावर टेकून राहायची. तसं विचारून दाबणारं माणूस मला आवडतं, पण मी तोंडावर दाखवलं नाही. थोरलीने वाटणी करून दिली. स्वर थोरलीचे, आणि स्वरांखाली छापायचे गाण्याचे शब्द धाकटीचे.

"माझ्या स्वरांना हात लावायचा नाही हं," थोरली म्हणाली.

"नाही ताई. पण शिकवाल ना कधीतरी?"

"बघून बघून येतं गं ते."

धाकटी बघत राहिली. शेजारच्या खुर्चीत बसून थोरलीची बोटं न्याहाळायची. शिकायची तिला फार हौस होती. थोरलीला त्या बघण्याचं काय वाटायचं कोण जाणे, पण तिची बोटं माझ्यावर जरा जोरात आपटू लागली. सासूबाई दारातून डोकावून म्हणायच्या, "जावा जावा, उभा दावा म्हणतात. तुमचं बरं बाई गोडीत चाललंय." हे ऐकून दोघी हसायच्या. थोरली जरा उशिरा हसायची.

सरांनी एक मोठं गाणं दिलं होतं. चार आवाज, चार वेगळी पानं. संथ चालीचं, एकेका मात्रेचे स्वर सलग चाललेले. कार्यक्रमाआधीची शेवटची तालीम आमंत्रित पाहुण्यांसमोर होती. त्या दिवशी दुपारी थोरली बाजारात गेली होती आणि फोन वाजला. फोनवर सर. धाकटीने घेतला.

"खालच्या आवाजाच्या पानात एक बदल करायचाय. दुसऱ्या ओळीत सुरुवातीला दोन स्वर आहेत ना, त्यांचा एकच करा. दोन मात्रांचा. माणूस पाठवलाय, येतच असेल. त्याच्याबरोबर पानं द्या."

"पण ताई घरी नाहीत..."

"अहो, एका स्वराचं तर काम आहे!"

धाकटी माझ्यासमोर बसली. तिची बोटं गार पडली होती. नको म्हणावं तर सर रागावणार, करावं तर ताई. पण मित्रांनो, त्या गार बोटांत थोडी खुशीही होती. ताई येतील, काम झालेलं बघतील आणि म्हणतील, अगं बाई, तुला येतं की! तिने ती जागा शोधली, दुसरं अक्षर पुसलं आणि पहिल्यापुढे दोनचा आकडा दाबला. एवढंच. तोवर सरांचा माणूस दारात येऊन "झालं का?" करू लागला. तिने पानं छापली, तो एकच स्वर नीट आहे ना ते पाहिलं आणि गरम कागद त्याच्या हातात दिले.

मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. सांगतो का ते. थोरली असा बदल करायची तेव्हा कधीच एवढ्यावर थांबायची नाही. दोन दाबला की तिचं बोट आपोआप पुढच्या अक्षराकडे जायचं आणि तिथे चार दाबायचं. त्याच दमात, न बघता, शेजारणीशी बोलता बोलता सुद्धा. कारण त्या चारशिवाय नवा दोन पुढे चालूच राहणार, आणि तिच्या काटकसरीमुळे पुढे ओळीच्या ओळी आकडाच नव्हता. हे तिच्या बोटांना माहीत होतं. तिच्या तोंडाने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बघून शिकणारीला तरी ते कसं दिसावं? एक बोट जरा पुढे सरकलं, इतकंच ते होतं.

संध्याकाळी काय झालं ते मी पाहिलं नाही, पण नंतर इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. थोरली बाजारातून परस्पर तालमीला गेली होती. पाहुण्यांसमोर गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीपासून खालच्या आवाजाच्या बायका मागे पडू लागल्या. सगळे एकेक मात्रा चाललेत आणि या दोन-दोन मात्रा रेंगाळतायत. पानात लिहिलं होतं तेच त्या बिचाऱ्या गात होत्या. बाकी तिन्ही आवाज कडवं संपवून थांबले आणि या आपल्या गातायतच. पुढे बसलेली पाहुणे मंडळी हसली. सरांनी ते पान उचललं, तळाशी छापलेलं थोरलीचं नाव बघितलं आणि सगळ्यांसमोर ते पान तिच्या हातात दिलं.

ती घरी आली ती तडक मागच्या खोलीत. मागोमाग धाकटी.

"तू माझ्या स्वरांना हात लावलास?"

"सरांचा फोन आला होता, ताई. मी सांगणारच होते..."

"काय काय बदललंस?"

"एकच स्वर."

"एकच?"

"शप्पथ, ताई. दोनाचा एक केला. बाकी कशालाच हात लावला नाही."

"अगं, अख्खं पान बिघडलंय! एक स्वर बदलून पान बदलतं होय? मला शिकवतेस?"

मित्रांनो, मी तिथेच होतो. धाकटी अक्षरन् अक्षर खरं बोलत होती, आणि खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा होतो ना, अगदी तसा तिचा झाला होता. भीतीने माणूस चोरासारखाच दिसतो. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बोटांशिवाय मला वाचा नाही.

थोरलीने काय करावं? ती फाईल उघडून दोन ओळी वाचल्या असत्या, तर तिला हसूच आलं असतं. पण तिने फाईल उघडली नाही. आदल्या दिवशीची जपून ठेवलेली प्रत काढली, त्यात सरांचा बदल स्वतः केला, पानं पुन्हा छापली आणि बिघडलेली फाईल पुसून टाकली. चूक कुठे झाली ते तिने पाहिलंच नाही. कुणी केली तेवढं तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम छान झाला म्हणे. पण घरात संशयाचं भूत शिरलं ते शिरलंच. थोरलीने कॉम्प्युटरला परवलीचा शब्द घातला. मला फडक्याखाली झाकून ठेवू लागली. आणि उठून जाताना माझ्या बटणांवर आडवा एक काळा दोरा ठेवायची! परत आली की आधी वाकून दोरा हललाय का ते बघायची. मी स्वतः संशयी, पण मला दोऱ्याने बांधण्यापर्यंत कधी कुणाची मजल गेली नव्हती. एकदा खिडकीच्या वाऱ्याने दोरा सरकला. त्या दिवशी जेवताना ती धाकटीशी एक शब्द बोलली नाही. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो हे ठीक, पण हिने तर पाण्यालाही फुंकर घालायला सुरुवात केली होती.

तिच्या मनात काय होतं ते तिने एकदा नवऱ्याला बोलून दाखवलं. "मुद्दाम केलं रे तिने. माझं नाव खाली यावं म्हणून. बघत बसायची माझ्या हातांकडे, तेव्हाच ओळखायला हवं होतं." तो म्हणाला, "विचारून तर बघ." ती म्हणाली, "विचारलं की! एकच स्वर बदलला म्हणते. यावर काय बोलायचं?"

धाकटीने खोलीत येणं सोडलं. दुसरी खुर्ची कागद ठेवायच्या कामी आली. काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याने दुसऱ्या शहरात नोकरी धरली. सगळ्यांना सांगितलं की नोकरी चांगली आहे. होतीही असेल. पण बोळातून जाताना तो बायकोला म्हणाला ते मी खिडकीतून ऐकलं, "जिथे तुला चोर समजतात तिथे नको राहायला." सासूबाई फडताळातली भांडी काढून दोन ढीग करू लागल्या. थोरलीसाठी एक, धाकटीसाठी एक.

आणि तशात थोरली न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं आणि हाताला प्लास्टर बसलं. टेबलावर सरांचं नवं काम पडलेलं, मुदत जवळ आलेली, आणि फडकं सरकून माझ्यावर धुळीचा थर. डाव्या हाताने तिने प्रयत्न करून पाहिला. तिचा डावा हात म्हणजे नुसता पाहुणा. तीन दाबायला जावं तर तेरा उमटायचे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "धाकटीला बोलाव. जाईपर्यंत तरी घरचीच आहे ना ती?"

धाकटी आली. खुर्चीवरचे कागद उचलून बाजूला ठेवले, पदराने माझ्यावरची धूळ टिपली आणि बसली. थोरली शेजारी, गळ्यात झोळी. थोरलीने तोंडाने स्वर सांगायचे आणि धाकटीने लिहायचे. दोघी कामापुरतंच बोलत होत्या. धाकटीने ठरवलेलं दिसत होतं की सांगितलं तेवढंच करायचं, एक बटण जास्त नाही. कानाला खडा लावला होता तिने.

काही वेळाने थोरली म्हणाली, "थांब. वरच्या ओळीत तो जी आहे ना, तो दोन मात्रांचा कर. आणि त्याच्या पुढचा स्वर काढ."

धाकटीने पुढचा स्वर काढला. जीपुढे दोन दाबला. आणि हात मांडीवर घेतले.

"हं, आता मांड बघू."

धाकटीने बटण दाबलं. मला पडदा दिसत नाही, पण थोरलीचा चेहरा दिसत होता. आधी कपाळाला आठी पडली. मग ती पुढे वाकली.

"अगं, हे काय? सगळेच स्वर लांबले की! पुढच्यावर चार कुठाय?"

"तुम्ही सांगितला नाहीत."

"तो काय सांगायचा? तो लिहायचाच असतो!"

"मला कसं कळणार, ताई? तुम्ही कधीच सांगितलं नाहीत."

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. थोरलीची प्लास्टरबाहेर आलेली बोटं हलली. दोन, आणि जरा पुढे सरकून चार. तिने आपल्याच बोटांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग धाकटीकडे.

"त्या दिवशी तू एवढंच केलं होतंस?"

"एकच स्वर, ताई. सांगितलं होतं तुम्हाला."

थोरली रडायला लागली. मोठी बाई, केस पिकायला आलेले, आणि लहान पोरीसारखी रडली. डाव्या हाताने तिने फोन ओढला, सरांना लावला आणि धाकटीसमोरच म्हणाली, "सर, ते पान बिघडलं होतं ना, ती चूक माझी होती. माझ्या धाकट्या जावेची नव्हती. तिने तुम्ही सांगितलंत तेवढंच केलं. नाही, नाही, तुम्ही ऐकून घ्या. सगळ्यांसमोर पान माझ्या हातात दिलं होतंत, आता हेही सगळ्यांसमोर सांगा."

फोन ठेवल्यावर धाकटीने विचारलं. आवाज चढवून नव्हे, अगदी हळू. "ताई, तेव्हा फाईल उघडून का नाही बघितलीत? तुम्हाला तर एका नजरेत कळलं असतं."

थोरलीने फोन बाजूला सरकवला. मग म्हणाली, "खरं सांगू? मला चूक सापडायला नकोच होती. मला तू सापडायला हवी होतीस."

धाकटीने मान खाली घातली. माझ्या बटणांवर दोन थेंब पडले. एरवी पाण्याचा थेंब पडला की मी कासावीस होतो, पण तेव्हा माझं काही म्हणणं नव्हतं. तिने ते बोटाने पुसले, पुढच्या स्वरावर चार दाबला आणि म्हणाली, "पुढे सांगा."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग सगळं गोड झालं आणि सामान पुन्हा सोडलं. तसं झालं नाही. नवऱ्याची नोकरी सुरू झालेली, तिकडे घर लागलेलं. ठरल्या दिवशी धाकटी गेली. जाताना दोघी जावा दारात गळ्यात पडल्या, सासूबाईंनी डोळे पुसले, आणि टेम्पो कोपऱ्यावरून वळला. आता ती तिकडून गाण्यांचे शब्द लिहून पाठवते आणि थोरली इथे ते स्वरांखाली बसवते. काम चोख होतं. पण दुसरी खुर्ची रिकामी आहे. थोरली त्यावर आता कागद ठेवत नाही.

मी म्हातारा झालो. माझ्या बटणांवरची अक्षरं पुसट झाली आणि नव्या कीबोर्डचं खोकं कपाटावर येऊन बसलंय, मी पाहिलंय ते. तेव्हा जायच्या आधी एक मागणं मागतो. माझ्यासारख्यांना पुसत जा, आमच्यावर खाऊ नका, रागाचा हात आमच्यावर काढू नका. आणि कुठे काही बिघडलेलं दिसलं, तर आधी त्या बिघडलेल्या जागेपाशी जा. नीट वाचा. माणसाकडे बोट नंतर दाखवा. बोट दाखवायला काही लागत नाही हो, पण एकदा दाखवलेलं बोट खाली घेतलं तरी गेलेलं माणूस परत शेजारी येऊन बसत नाही.